घरात पुन्हा पुन्हा होणारी गळवं, एमआरएसए आणि नेटाने पाळायची स्वच्छता

ओसरी

घरात एकाचं गळू बसतंय न बसतंय तोवर दुसऱ्याला पुळी उठते, अशा घरांसाठी हा धागा काढते आहे. आमच्याकडे हे चक्र बराच काळ चाललं. आधी नवऱ्याची मांडी, मग लेकीची काख, मग पुन्हा नवऱ्याची पाठ. दर वेळी चीर देऊन पू काढायचा, गोळ्यांचा कोर्स करायचा, जखम भरायची आणि सुटलो म्हणेपर्यंत नवा ठणका सुरू. शेवटी पू कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला गेला आणि रिपोर्टवर एमआरएसए आलं. आता घर शांत आहे. हे कुठल्या नव्या भारी औषधाने झालं नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी, ठरवून पाळलेल्या स्वच्छतेने झालं. त्यातलं खरोखर कामाचं काय होतं ते लिहिते.

आधी जंतूबद्दल थोडं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा काही परका जंतू नाही. साधारण दहातल्या तीन माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि त्यांना काही त्रास होत नाही. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारी त्याची जात म्हणजे एमआरएसए. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे जंतू सापडले. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन अशी नेहमीच्या ओळखीची औषधं यावर चालत नाहीत.

गोळी जखमेतला जंतू मारते. नाकपुडीत, काखेत, जांघेत बसलेला जंतू मात्र बऱ्याचदा तसाच राहतो. तो टॉवेलवर उतरतो, टॉवेलवरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, आणि तिथे नखाने खाजवलेला ओरखडा किंवा दाढी करताना झालेला बारीक काप मिळाला की आत शिरतो. म्हणून गळू ज्याला झालं त्याच्याच मागे लागून उपयोग होत नाही.

आमच्या घरात सगळ्यात मोठा फरक टॉवेलने पडला असं माझं मत आहे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळ्या रंगाचा, वेगळ्या खुंटीवर, एकमेकांना लागणार नाही असा. ज्याच्या अंगावर उघडी जखम त्याचा टॉवेल एकदा वापरला की धुवायला. हात पुसायचा सामायिक नॅपकिन बंद. ओलसर टॉवेल घडी घालून ठेवणं बंद. कपडे धुण्याइतकंच ते पूर्ण, खडखडीत वाळणं महत्त्वाचं आहे.

दुसरी गोष्ट ड्रेसिंग. हे कसं करायचं ते नीट सांगते, कारण पू सगळ्यात जास्त इथेच पसरतो. पलंगावर बसून ड्रेसिंग बदलायचं नाही. आम्ही एक प्लास्टिकचं स्टूल त्यासाठीच ठेवलं. आधी नवीन गॉज आणि चिकटपट्टीचे चार तुकडे कापून तयार ठेवायचे, म्हणजे मळलेल्या हाताने कात्रीला आणि डब्याला हात लागत नाही. मग हात धुवायचे, हातमोजे घालायचे, जुनी पट्टी कडेकडेने सोडवायची. गॉज चिकटलं असेल तर सलाईनने भिजवून थांबायचं, ओढायचं नाही. निघालेली पट्टी थेट पिशवीत, वरून हातमोजेही उलटे करून त्यातच, पिशवीला गाठ. पुन्हा हात धुवायचे आणि मगच नवीन गॉज ठेवायचं. पट्टी चारी बाजूंनी बंद हवी. एका बाजूने उघडी राहिली तर पू कपड्यावर येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी स्टूल पुसून घ्यायचं आणि परत हात धुवायचे.

गळू पिळायचं नाही, सुई टोचायची नाही. याला अपवाद नाही. पिळल्याने पू बाहेर येतो तसा आतही ढकलला जातो.

नाकातलं मलम आणि अंघोळीचं औषधी द्रावण हे आम्ही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर वापरलं. त्याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं, मी त्यातली नाही.

दोन_पिल्लं

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. वाचनखूण साठवली. माझ्या धाकट्याला एक्झिमा आहे आणि आता एमआरएसए निघालंय. रात्री खाजवून खाजवून त्वचा सोलते. मोठीला त्याच्याजवळ झोपू द्यावं का? त्याला जवळ घ्यायलाही मन कचरतं आणि मग त्याचंच वाईट वाटतं.

रातराणी

मी परिचारिका आहे, बराच काळ शल्यचिकित्सा विभागात काम केलंय. @दोन_पिल्लं, आधी तुम्हाला उत्तर. लेकराला जवळ घ्या. जखम झाकलेली असेल आणि नंतर हात धुतलेत तर मिठी मारण्यात धोका नाही. फक्त जखम भरेपर्यंत दोघांची अंथरुणं, पांघरुणं आणि टॉवेल वेगळे ठेवा. एक्झिमा असलेल्या मुलांच्या त्वचेवर हा जंतू जास्त असतो, कारण त्वचेची भिंतच फुटलेली असते. त्यामुळे तुमच्याकडे निम्मी लढाई एक्झिमा आटोक्यात ठेवण्याची आहे. मॉइश्चरायझर भरपूर लावा, पण उघड्या तोंडाच्या डबीत बोटं घालून नको. डबीत एकदा जंतू गेला की रोज तोच परत अंगावर लागतो. पंपाची बाटली किंवा ट्यूब घ्या. नखं अगदी बारीक कापलेली ठेवा.

आता ओसरीताईंनी सोडलेला भाग. याला डिकॉलनायझेशन म्हणतात, म्हणजे अंगावर मुक्कामाला असलेला जंतू कमी करणं. हे सक्रिय गळू असताना त्याच्या उपचाराऐवजी करायचं नसतं. पू भरला असेल तर तो चीर देऊन काढणं हाच मुख्य उपचार. ते झाल्यावर, आणि साधी स्वच्छता पाळूनही गळवं परत येत असतील तर डॉक्टर हे सुचवतात.

नाकासाठी २ टक्क्यांचं म्युपिरोसिन मलम, दिवसातून दोनदा, ५ ते १० दिवस. प्रत्येक नाकपुडीत काडीपेटीच्या काडीच्या गुलाइतकंच, स्वच्छ इअरबडने. मग नाकपुड्या बाहेरून दाबून मिनिटभर चोळायच्या म्हणजे मलम आत सगळीकडे लागतं. लोक पुष्कळ मलम भरतात आणि ते घशात उतरतं.

अंघोळीसाठी ४ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक द्रावण. इथे बरेच जण घाईत असतात. आधी नेहमीच्या साबणाने अंग धुऊन तो साबण पूर्ण काढून टाकायचा, कारण साध्या साबणाचा अंश राहिला की क्लोरहेक्सिडिनचा जोर जातो. मग पाण्याची धार बंद करून मानेपासून खाली लावायचं. काखा, जांघा, बेंबी, नितंबांची फट, बोटांच्या बेचक्या यांत नीट. दोन मिनिटं अंगावर राहू द्यायचं, मग धुवायचं. डोळे, कान, तोंडाच्या आत अजिबात नाही. क्वचित कुणाला याची तीव्र ॲलर्जी येते. अंगावर गांध्या उठल्या किंवा श्वासाला त्रास झाला तर थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. लहान बाळांसाठी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

क्लोरहेक्सिडिन लागलेले टॉवेल क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजवू नका, तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. लोकांना वाटतं टॉवेल अजून घाण आहे, म्हणून ते आणखी ब्लीच ओततात.

या सगळ्या दिवसांत चादर, अभ्रे, टॉवेल आणि आतले कपडे रोज ताजे. रेझर आणि टूथब्रश नवे. नाहीतर अंग स्वच्छ करून पुन्हा त्याच जंतूंच्या गादीवर झोपण्यासारखं आहे.

शंकेखोर

माहिती चांगली आहे, पण मनापासून विचारतो. इतका खटाटोप करण्याऐवजी एकदाच तगडं अँटिबायोटिक घेऊन विषय संपवता येत नाही का? आणि हे नाकातलं मलम, खास अंघोळ यांचा फायदा कुणी मोजलाय, की फक्त मनाचं समाधान?

भिंगवाला

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. मोजलाय.

अमेरिकेत एमआरएसएचे वाहक असलेल्या, रुग्णालयातून घरी सोडलेल्या २,१२१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त स्वच्छतेची माहिती दिली. उरलेल्यांना माहितीसोबत क्लोरहेक्सिडिनची अंघोळ, तोंडासाठीच्या वेगळ्या, सौम्य क्लोरहेक्सिडिनच्या चुळा आणि नाकात म्युपिरोसिन दिलं, महिन्यातून दोनदा पाच-पाच दिवस, सहा महिने. दुसऱ्या गटात एमआरएसएच्या संसर्गाचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. ज्यांनी सगळं पूर्णपणे पाळलं त्यांच्यात तर ४४ टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. अर्धवट केलं तर फायदाही अर्धवटच.

आणि ओसरीताई म्हणतात तो 'सगळ्यांनी एकाच वेळी' हा मुद्दाही तपासलेला आहे. त्वचेचा संसर्ग झालेल्या मुलांच्या १८३ घरांवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला. काही घरांत फक्त त्या मुलावर उपचार, काही घरांत सगळ्या कुटुंबावर. वर्षभरात पुन्हा त्वचेचा संसर्ग झालेली मुलं पहिल्या गटात ७२ टक्के, दुसऱ्यात ५२ टक्के. म्हणजे घरभर उपचार करूनही निम्म्या मुलांना परत झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ७२ आणि ५२ यांतला फरक त्या घरांसाठी लहान नाही.

तगड्या अँटिबायोटिकबद्दल. पोटातून घेतलेली बरीच औषधं नाकाच्या पुढच्या भागातल्या जंतूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. आणि व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड यांसारखी औषधं रक्तात, फुप्फुसात गेलेल्या एमआरएसएसाठी राखून ठेवायची असतात. मांडीवरच्या गळवासाठी ती उधळली तर पुढे ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी काय उरणार? याचा अर्थ गोळ्या घेऊच नका असा मुळीच नाही. लहान गळवातही पू काढल्यानंतर क्लिंडामायसिन किंवा को-ट्रायमोक्सॅझोल दिल्यास बरं होण्याचं प्रमाण वाढतं, हे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. नुसता पू काढून सुमारे ६९ टक्के बरे झाले, गोळ्या दिलेल्यांत ८० च्या वर. पण कोणती गोळी, हे कल्चर सांगेल.

कल्चरबद्दल एक कळकळीची विनंती. चीर देताना आतला पू पाठवायला सांगा. वरून पुसलेल्या स्वॅबवर त्वचेवरचे इतर जंतूच जास्त उगवतात. आणि शक्य असेल तर नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी.

प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या आमच्या बशीवर काय दिसतं तेही सांगतो. जंतूंचा पातळ थर पसरायचा, त्यावर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. रात्रभरात जिथे औषध चालतं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो. क्लिंडामायसिनच्या चकतीशेजारी एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची चकती मुद्दाम ठेवतो. कधीकधी क्लिंडामायसिनचा गोल त्या बाजूने चपटा होतो, इंग्रजी डी अक्षरासारखा. असं दिसलं की जंतू वरवर क्लिंडामायसिनला मान तुकवतोय, पण उपचार चालू असताना उलटू शकतो. रिपोर्टवर 'डी टेस्ट पॉझिटिव्ह' असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा.

शंकेखोर

धन्यवाद, पटलं. नुसते सल्ले देण्याऐवजी आकडे दिलेत हे फार बरं केलंत.

मॅटवर

कुस्तीतला माणूस आहे, मुलांना शिकवतो, म्हणून लिहितो. खेळाडूंनी हा धागा दोनदा वाचावा.

२००३ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघात ५८ पैकी ५ खेळाडूंना मिळून ८ एमआरएसए संसर्ग झाले. सगळे कुठे? जिथे मैदानावर घासून त्वचा सोलवटली होती तिथे. चौकशीत दिसलं की सामन्याच्या वेळी खेळाडू एकमेकांचे टॉवेल वापरत होते आणि जखमा पाहणाऱ्यांचे हात दर वेळी धुतले जात नव्हते. तगडी, तरुण, उत्तम आहार असलेली माणसं ती. म्हणजे हा काही अशक्त माणसांचाच आजार नव्हे.

आमच्याकडे आता नियम पक्का आहे. सरावाआधी प्रत्येक मुलाची त्वचा पाहायची. पुळी, ओली खपली, पू दिसला तर त्या दिवशी मॅट बंद. पू वाहत असेल तर नुसती पट्टी लावूनही चालत नाही, कारण कुस्तीत पट्टी टिकतच नाही. सराव संपला की गप्पा मारत बसायचं नाही, आधी साबणाने अंघोळ. गुडघ्याची पॅडं बॅगेत ओली कोंबायची नाहीत. मॅट आधी डिटर्जंटने धुवायची आणि मग जंतुनाशक. मळ तसाच ठेवून वरून जंतुनाशक फवारलं तर ते मळातच संपतं. आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहिलं पाहिजे, लगेच पुसून काढायचं नाही.

मुलं पुळी लपवतात, स्पर्धा बुडेल म्हणून. त्यामुळे ज्याने स्वतःहून दाखवली त्याला मी सगळ्यांसमोर शाबासकी देतो. रागावलात तर पुढच्या वेळी कुणी दाखवणार नाही.

पांथस्थ

अंगावर ब्लीच घालून अंघोळ करतात असं वाचलंय. खरं आहे का? ऐकूनच भीती वाटते.

रातराणी

खरं आहे, पण प्रमाण अत्यंत कमी असतं आणि तिथेच लोकांची गल्लत होते. साधं, बिनसुगंधी घरगुती ब्लीच, साधारण ६ टक्क्यांचं, एक छोटा चमचा म्हणजे ५ मिलि, सुमारे ४ लिटर पाण्यात. त्यात १५ मिनिटं अंग भिजवायचं, आठवड्यातून दोनदा, साधारण तीन महिने. पोहण्याच्या तलावाच्या पाण्यासारखा वास येतो, त्याहून उग्र नाही. प्रत्येक बाटलीची तीव्रता वेगळी असते, म्हणून बाटली डॉक्टरांना दाखवून प्रमाण लिहून घ्या. सरळ अंगावर ब्लीच कधीच नाही. दमा असेल तर आधी विचारा. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हे अंघोळीलाही लागू आणि फरशी पुसण्यालाही.

एक सांगायचं राहिलं. पुढची लक्षणं दिसली तर धागे वाचत बसू नका, तातडीने डॉक्टरांकडे जा: ताप, थंडी वाजणं, लाली तासातासाला पसरणं, गळवापासून वर जाणारी लाल रेघ, वरून फारसं काही दिसत नसताना असह्य वेदना, त्वचा काळी-जांभळी पडणं. चेहऱ्यावर, विशेषतः नाकाजवळ किंवा डोळ्याजवळ गळू असेल तर लाली पसरायचीही वाट पाहू नका. मधुमेही, गरोदर बायका, तान्ही बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, यांच्यासाठीही हेच.

पांथस्थ

आभार. माझा अनुभवही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. माझी गळवं वर्षानुवर्षं फक्त काखेत आणि जांघेत यायची. कल्चरमध्ये बऱ्याचदा काहीच उगवायचं नाही. त्वचेखालून एकमेकांना जोडलेले व्रण, काळे ठिपके. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहून सांगितलं की हा मुळात संसर्ग नाही, हिड्राडेनायटिस सपुराटिव्हा नावाचा त्वचेचा जुनाट आजार आहे. तो सांसर्गिक नाही आणि अस्वच्छतेने होत नाही. ज्यांची गळवं त्याच त्याच जागी येतात त्यांनी हे एकदा तपासून घ्यावं. मी कितीतरी काळ घरच्यांपासून लांब राहत होतो आणि त्याची काहीच गरज नव्हती.

दोन_पिल्लं

पांथस्थ, हे लिहिलंत ते फार बरं झालं.

आमचं ठरलंय. चौघंही एकाच आठवड्यात म्युपिरोसिन आणि अंघोळीचं द्रावण सुरू करणार, डॉक्टरांनी मुलांसाठी प्रमाण लिहून दिलंय. आजी अधूनमधून राहायला येतात, त्यांनाही सांगितलं. सुरुवातीला त्यांना वाईट वाटलं, 'मला काय झालंय' म्हणाल्या. मग समजावलं की नाकातला पाहुणा कुणालाच दिसत नाही, त्यात कुणाचा दोष नाही. आता त्याच सगळ्यांच्या आधी हात धुतात.

दोन प्रश्न. फरशी, भिंती, पडदे सगळं रोज पुसायचं का? मी थकून जाते. आणि पाच दिवस झाल्यावर जंतू गेला की नाही हे बघायला नाकाचा स्वॅब परत करायचा का?

ओसरी

भिंती-पडद्यांच्या मागे लागू नका, खरंच सांगते. उघड्या त्वचेला आणि हातांना रोज काय लागतं ते बघा. नळ, दाराच्या कड्या, मोबाइल, रिमोट, संडासची सीट, खुर्चीचे हात. एवढं नियमित पुसलं तर पुरतं. त्यातून वाचलेली ताकद टॉवेल, चादरी आणि हात धुण्यावर घाला. हात २० सेकंद, अंगठे आणि बोटांची टोकं धरून. बाहेर असाल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर चालतो, एमआरएसए त्याने मरतो. आणि दमलात की घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे चादरी सोपवा. हे एकटीने करायचं काम नाही, आमच्याकडे नवरा आणि लेक दोघंही वाटून घ्यायचे.

भिंगवाला

स्वॅबबद्दल: गळवं थांबली असतील तर उगाच पुन्हा पुन्हा नाक तपासायची सहसा गरज नसते. काही जणांच्या नाकात जंतू काही महिन्यांनी परत येतो आणि तरीही गळू होत नाही. मग नुसता रिपोर्ट बघून घर घाबरतं आणि म्युपिरोसिन वारंवार लावलं जातं, त्यातून त्यालाही दाद न देणारे जंतू तयार होतात. ठरलेले दिवस झाले की मलम थांबवा, उरलेली ट्यूब 'असू दे' म्हणून लावत राहू नका. नवीन गळू आलं तर मात्र त्यातला पू परत कल्चरला पाठवा, जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. आणि त्या वेळी प्रयोगशाळेला म्युपिरोसिनचीही चाचणी करता येईल का ते विचारा, नेहमीच्या रिपोर्टमध्ये ती बहुतेक वेळा नसते.